समोरच्या डॉक्टरांची फी

दात कोरून पोट भरत नाही असं म्हणणाऱ्याने माझी भावजय बघितलेली नसणार. गेली कित्येक वर्षं ती दात कोरूनच पोट भरत होती, आणि स्वतःचं एकटीचं नव्हे, सगळ्या घराचं. त्यात मीही आले. मी तिची थोरली नणंद. क्लिनिकच्या काउंटरवर बसते, फोन घेते आणि उशिरा येणाऱ्या पेशंटला दोन शब्द सुनावते. दोन्ही कामं मला मनापासून आवडतात.

मग ही साथ आली आणि लोकांनी तोंडं बांधून घेतली. आता तुम्हीच सांगा, तोंड बांधलेल्या जगात दातांच्या डॉक्टरने करायचं काय? पुढचे दात सरळ करून घेणारी मुलगी फोनवर म्हणाली, "मास्कच्या आत कोण बघतंय?" कवळीचं माप देऊन गेलेले आजोबा पुन्हा फिरकलेच नाहीत. मशीन लावलं की तोंडातले तुषार हवेत उडतात, म्हणून एक पेशंट झाला की खिडक्या उघडायच्या, खोली रिकामी ठेवायची, सगळं पुसून काढायचं, तेव्हा कुठे दुसरा. दुसरा आला तर! त्यात हातमोजे चौपट भावाने. दुष्काळात तेरावा महिना. माझ्या भावाचा पगार निम्म्यावर आलेला, आणि जागेच्या मालकाने निरोप धाडला की महिनाअखेर भाड्याचं काय ते सांगा, नाहीतर जागा सोडा.

माझी सगळी आशा एकाच गोष्टीवर होती. रस्त्यापलीकडे, आमच्या अगदी नाकासमोर, दुसरा दातांचा दवाखाना आहे. तिथला डॉक्टर वयाने लहान. आला तोच पाटीवर ही मोठी सवलत लिहून, आणि आमचे निम्मे पेशंट घेऊन गेला. मी त्याचं नाव सवलतराव ठेवलं होतं. बोलणं-चालणं काही नाही. आता त्याच्याकडेही माश्याच मारायचं काम होतं, आणि मी काउंटरवरून दिवसभर त्याच्या दाराकडे बघत बसायची.

"त्याने आधी शटर ओढलं की त्याचे सगळे आपल्याकडे येतील. मग भाडं निघेल. जरा दम धर," मी भावजयीला सांगायची.

"ताई, असं बोलू नये," ती म्हणायची. पण तसं होणार नाही, असं काही ती कधी म्हणाली नाही.

काळजीने ती झोपेत दात खायला लागली. पेशंटना सांगणार, ताण घेऊ नका, आणि स्वतः रात्रभर करकर. एका सकाळी टोस्ट खाताना कडकन आवाज आला. खालची दाढ चिरली होती. आरसा घेऊन बघत बसली बिचारी, पण स्वतःच्या तोंडात स्वतःच कशी काम करणार? दुपारपर्यंत कळ मस्तकात गेली.

"समोर जाऊ," ती म्हणाली.

"त्या सवलतरावाकडे? त्यापेक्षा दाढेत लवंग धर!"

"लवंग मी पेशंटलाही सांगत नाही. चला."

निघताना तिने एका पाकिटात पैसे घातले. डॉक्टर डॉक्टरकडून फी घेत नाहीत, असा त्यांच्यातला रिवाज आहे. मात्र आपण पाकीट पुढे करायचं असतं, समोरच्याने "छे छे, लाजवता काय" म्हणायचं असतं, की झालं. "घेणार नाहीतच, पण रीत म्हणून," ती म्हणाली.

आम्ही गेलो तेव्हा तो स्वतःच फरशी पुसत होता. काउंटरवर कोणी नाही, मदतनीसही नाही. आम्हाला बघून गडबडला, पण "या मॅडम" म्हणाला आणि लगेच कामाला लागला. सुई इतक्या अलगद दिली की भावजयीची पापणीसुद्धा हलली नाही. हात चांगला होता मेल्याचा. मला राग आला तो त्याचाच.

दाढ तात्पुरती भरून झाली. भावजयीने पाकीट पुढे केलं. मी तर दाराकडे वळलेसुद्धा होते. त्याने पाकिटाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. आणि घेतलं.

"थँक यू, मॅडम," इतकंच म्हणाला, अगदी हळू.

रस्त्यावर आल्यावर माझा पट्टा सुरू झाला. "घेतले गं! तुझ्याकडून! जनाची नाही तर मनाची तरी..." आणि बोलता बोलताच डोक्यात प्रकाश पडला. ज्याच्यावर डॉक्टरकडून फी घ्यायची पाळी आली, तो कसला टिकतोय? "अगं, हा गेलाच समज! चार दिवस कळ काढ, सगळं आपलंच आहे."

भावजय थांबली. माझ्याकडे बघितलं आणि तशीच मागे फिरली. मी तिच्या मागे धावले.

तो पाकीट हातात घेऊन तसाच उभा होता. ती त्याच्याशी बोलायला लागली, पण अर्धा जबडा बधिर, ओठ लोंबतोय, एक शब्द धड निघेना. ती त्याच्याकडे बोट दाखवी, मग स्वतःकडे, मग आमच्या क्लिनिककडे.

"दुखतंय का मॅडम? अजून एक सुई देऊ?" तो घाबरून म्हणाला.

तिने माझ्याकडे पाहिलं.

मला शब्द न् शब्द कळला होता. एका घरात राहतो आम्ही, तिचं बोलणं मला नाही कळणार तर कोणाला? खोटं कशाला बोलू, मनात आलं की म्हणावं, काही नाही, दुखतंय तिला, आणि न्यावं घरी. ती काय करणार होती, तिला बोलताच येत नव्हतं. पण तिने सगळा भरवसा माझ्यावर टाकला होता. आणि त्याचे बूट बघितले मी, टाचेला उसवलेले.

"ती म्हणते," मी म्हटलं, "हा दवाखाना सोडा आणि तुमचं सामान आमच्याकडे आणा. सकाळी तुम्ही बसा, संध्याकाळी ती बसेल. भाडं एकच, निम्मं निम्मं. आणि मालकाशी ताई बोलतील, त्यांच्यापुढे त्याचं काही चालत नाही."

हे शेवटचं ती म्हणाली नव्हती. ते माझं.

त्याने डोळे पुसायला हात वर नेला, तर तो तोंडावरच्या प्लास्टिकच्या शिल्डवर टकटक आपटला. त्याला कळेचना काय होतंय, पुन्हा तिथेच पुसायला गेला.

"अहो, आधी ते काढा," मी म्हटलं.