वाचनालय, उचलू नका

इनास परेराचं पत्र आलं त्याला या महिन्यात चौदा महिने झाले. मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं, मी आजारी नव्हतो आणि वेळ तर माझ्याकडे हवा तेवढा असतो. टेबलाच्या खणात ते पत्र होतं आणि त्याच्याखाली त्याच्या वहीची झेरॉक्स, ब्याण्णव पानं.

इनास आमच्या डोंबिवलीच्या वाचनालयाचा बाइंडर. मी तिथे ग्रंथपाल होतो. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तो ठाण्यातल्या माजिवड्याहून यायचा, फाटकी पुस्तकं गोणीत भरून न्यायचा आणि पुढच्या खेपेला नवे पुठ्ठे, नवी कापडी पाठ घालून परत आणायचा. असं पंचवीस वर्षं चाललं. पुस्तकं शिवता शिवता तो ती वाचायचाही. मग चहा पिताना विचारायचा, "परश्या, ह्या लेखकानं शेवट असा कशाला केला रे?" मला कधी धड सांगता आलं नाही.

पत्रात त्यानं लिहिलं होतं : "आईची लग्नातली गाणी, शेतीचे शब्द, मिठागरावरची माणसं, आठवलं तेवढं लिहिलं आहे. तू आयुष्यभर पुस्तकं हाताळलीस. वाचून खरं सांग. ठेवण्यासारखं असेल तर मी स्वतः बांधीन. नसेल तर सोडून देईन. गोड बोलू नकोस." खाली मोबाइल नंबर होता. "माझ्या मुलीनं, रोवेनानं, हा फोन घेऊन दिला. मध्ये एकानं वीज कापतो सांगून मला फसवायला बघितलं. तेव्हापासून अनोळखी फोन उचलायचा नाही, असा तिचा कायदा आहे. म्हणून लिहीच."

वही मी दोन दिवसांत वाचली. मनापासून आवडली. फक्त मध्ये सहा पानं अशी होती, जिथे इनास गाणी सोडून उपदेश करायला लागला होता. ती काढून टाक, असं सांगायला हवं होतं. पण ते सांगणारा मी कोण? मी जन्मभर पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवले, स्वतः एक ओळ लिहिली नाही. उत्तराचे चार-पाच मसुदे केले आणि फाडले. महिना गेला, मग आधी उशिराबद्दल माफी मागणं आलं. सहा महिन्यांनी ती माफी पत्रापेक्षा मोठी व्हायला लागली. वर्ष उलटल्यावर मी तो खण उघडायचंच बंद केलं.

गेल्या मंगळवारी वाचनालयात गेलो तर रसिकानं हाक मारली. माझ्या जागी आता ती असते.

"काका, तुमची चुकामूक झाली. परेराकाका आत्ताच गेले. सुया, दोरा, पुठ्ठा कापायची सुरी, सगळं आपल्याला देऊन गेले. त्यांची चाळ पाडतायत, रविवारी भाड्याच्या घरात चाललेत."

"माझ्याबद्दल काही म्हणाला?"

"तुमच्याबद्दल नाही." ती जरा घुटमळली. "ते गाण्यांची वही लिहीत होते ना, तिचं मी विचारलं. तर म्हणाले, रविवारी सकाळी रद्दीवाला येतोय, त्याच्याबरोबर जाईल. ज्याला वाचायला दिली त्यानं वर्षभर तोंड उघडलं नाही, त्यात काय ते कळलं."

मी घरी आलो आणि धीर करून इनासचा नंबर लावला. दोनदा वाजला आणि कापला गेला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. चार वेळा असं झालं. पाचव्यांदा उचलला गेला. मी तोंड उघडायच्या आत एक सणसणीत शिवी आली आणि फोन बंद. आवाज इनासचाच होता. पंचवीस वर्षांत त्याच्या तोंडून मी शिवी ऐकली नव्हती.

मला राग आला नाही. माझ्या हिशेबानं ती मला उशिराच मिळाली होती. त्या रात्री जेवण गेलं नाही. सून विचारत होती, "बाबा, बरं नाहीये का?" मी म्हटलं, पित्त झालंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी आणायला उतरलो. मेथी चांगली होती. घ्यायची का, ते विचारायला सुनेला, रुचिताला फोन केला. तिनं उचलला नाही. मी अंदाजानं एक जुडी घेतली आणि वर आलो, तर ती दारातच उभी, ओढणी तोंडाला लावून हसत होती.

"बाबा, अहो, तुम्ही फ्रॉड निघालात!"

"मी काय केलं?"

"हे बघा ना." तिनं आदल्याच दिवशी नवा फोन घेतलेला, जुने नंबर अजून त्यात आलेले नव्हते. पडदा लालभडक होता. त्यावर माझा नंबर, त्याखाली 'वाचनालय, उचलू नका' आणि त्याखाली 'फसवणुकीची शक्यता. १२७ जणांची तक्रार.'

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "हे नाव कोणी दिलं?"

"लोकांनीच. आपल्या फोनमध्ये कोणी कोणाला काय नावानं सेव्ह केलंय, ते हे ॲप गोळा करतं आणि सगळ्यांना दाखवतं. तुम्ही कोणाला एवढे फोन केलेत?"

आठवायला वेळ लागला नाही. लॉकडाउनमध्ये वाचनालय बंद, तिथला फोनही बंद पडलेला, आणि बाहेर सभासदांकडे चारशे पुस्तकं अडकलेली. मी माझ्या मोबाइलवरून एकेकाला रोज सकाळी साडेदहाला फोन करायचो. नमस्कार, वाचनालयातून बोलतोय, आपल्याकडे एक पुस्तक राहिलंय. मला वाटायचं, मी फारच नम्रपणे बोलतो. तीनशे सभासदांपैकी एकशे सत्तावीस जणांना तसं वाटलं नव्हतं.

एरवी ही गोष्ट मला महिनाभर वाईट वाटून घ्यायला पुरली असती. पण तिच्या आतून दुसरीच गोष्ट वर आली आणि मी मेथीच्या जुडीसकट खुर्चीत बसलो.

"रुचिता, दुसऱ्या कोणाकडे हे ॲप असेल तर त्यालाही असंच लाल दिसेल?"

"ज्याच्याकडे तुमचा नंबर सेव्ह नाही त्याला दिसेल. का हो?"

माझा नंबर इनासकडे नव्हताच, हे काल शरमेपोटी माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमचं सगळं वाचनालयाच्या फोनवर आणि पत्रांवर चालायचं. मी तिला काल काय झालं ते सांगितलं, शिवीसकट. शब्द मात्र सांगितला नाही.

"मग त्यांनी तुम्हाला कुठे दिली? त्या लाल पाटीला दिली. थांबा, माझ्या फोनवरून लावू."

तोही वाजत राहिला. तिचाही नंबर इनासला अनोळखीच होता. मग मी रसिकाला फोन केला. आदल्या दिवशी इनासला घेऊन रोवेना आली होती आणि तिचा नंबर रसिकाकडे होता. रसिकानं तिला सगळं सांगून रुचिताचा नंबर दिला, आणि पाच मिनिटांत रुचिताचा फोन वाजला.

"कोण? परश्या?" इनास ओरडतच बोलत होता. "काल पाच वेळा तू होतास काय?"

"मीच."

"अरे देवा! नि ती शिवी?"

"मिळाली."

तो असा हसायला लागला की त्याला खोकला आला. "मना वाटला लोनवाला! रोवेना बोलते, लाल रंग आला का कापायचा. चारदा कापला. पाचव्याला बोललो, ह्याला एकदा सरळ करू."

मीही हसलो. छातीवरचं ओझं उतरतं म्हणतात, ते माझ्याबाबतीत पोटातून उतरलं; एकदम भूक लागली. तरी मी म्हटलं, "इनास, त्या पत्राचं..."

"हां. ते वेगळं." त्याचं हसणं थांबलं. "शिवी मी चुकून दिली. तुझे चौदा महिने चुकून नव्हते ना?"

"नव्हते."

"वाचली का तरी?"

"दोनदा."

"मग?"

"चांगली आहे रे, फारच..."

"थांब, थांब. फोनवर नको. फोनवर लोनवाला पण लय गोड बोलतो. लिहून दे. तुझं अक्षर मी पंचवीस वर्षं बघतोय, त्याच्यावर दुसऱ्या कोणाचं नाव येत नाय. रविवारी सकाळी रद्दीवाला येणार हाय, तवर कागद आला पायजे." आणि त्यानं फोन ठेवला.

जेवून मी लिहायला बसलो. मेथीची भाजी दोनदा वाढून घेतली होती. या वेळी मसुदा केला नाही. पहिल्याच ओळीत लिहिलं, "ठेव. बांध." मग लिहिलं, एकेचाळीस ते सेहेचाळीस ही पानं काढून टाक. तिथे तू लोकांना शहाणपण शिकवतोस, आणि तुझी आई एकाही गाण्यात कोणाला शहाणपण शिकवत नाही. नवरीला हळद लावताना ती जी थट्टा करते, ती मी दुपारी एकटा बसून मोठ्यानं वाचली. बांधशील तेव्हा दोन प्रती बांध. एक वाचनालयासाठी, दाखल नंबर मी स्वतः घालीन. उशीर का झाला, ते शेवटी दोन ओळींत लिहिलं : सांगण्याची माझी योग्यता नाही असं वाटत होतं. अजूनही वाटतं, पण तू विचारलं आहेस.

पाकीट चिकटवल्यावर सहा पानांचं वाक्य फारच रोखठोक झालं असं वाटायला लागलं. उघडायला सुरी घेतली होती. रुचितानं ती काढून घेतली आणि म्हणाली, "बाबा, पोस्ट चारला बंद होतं."

पोस्टाच्या खिडकीत एक तरुण बाई होती. तिनं पत्ता टाइप केला.

"स्पीड पोस्ट ना? माजिवडा, ठाणे. पाठवणाऱ्याचा मोबाइल नंबर?"

मी क्षणभर थांबलो. मागच्या माणसानं घसा खाकरला. मी नंबर सांगितला, सगळे दहा आकडे, मोठ्यानं.

"शनिवारपर्यंत पोचेल?"

"ठाण्यालाच तर जायचंय, आजोबा. उद्या पोचेल, नाहीतर परवा नक्की."

तिनं पाकिटावर बारकोड चिकटवला, शिक्का मारला आणि ते मागच्या गोणीत टाकलं.