मरीयेची चमकी

ज्योतीने दूध तापवले, भाकऱ्या थापल्या, नवऱ्याचा डबा भरला आणि तो साखर कारखान्यावर निघून गेल्यावर मागचे दार ओढून घेतले. शनिवारी चर्च झाडायची पाळी तिची. शाळेला नाताळची सुट्टी लागली होती, त्यामुळे तिथे चित्रकला शिकवणाऱ्या ज्योतीला आज घाई नव्हती. तिने हापशावरून बादली भरून आणली, सतरंज्या उन्हात झटकल्या आणि वेदीपासून झाडायला सुरुवात केली. अर्ध्यावर आल्यावर सहज भिंतीकडे पाहिले, आणि झाडू हातात तसाच राहिला.

यंदा पाळकसाहेबांनी नाताळाआधी नवी रीत घातली होती. संध्याकाळच्या प्रार्थनेला देशोदेशीच्या चित्रकारांनी काढलेले ख्रिस्तजन्माचे एकेक चित्र भिंतीवर लागे. मंडळी त्यासमोर गप्प बसत, मग ज्याच्या मनात जे येईल ते तो बोले, आणि शेवटी प्रार्थना होई. इथिओपियाची काळीभोर मरीया लागली, जपानची किमोनोतली लागली, पेरूची लोकरीच्या शालीतली लागली. आजचे चित्र आपल्या मातीतले, ज्योतीने काढलेले. ऊसतोड मजुरांची कोपी, म्हणजे उसाच्या पाल्याची झोपडी, तिच्यात पाचटावर निजवलेले बाळ, कोयता बाजूला टेकवून बसलेला योसेफ, आणि मरीयेच्या जागी लंकाबाई.

लंकाबाई मिरजगावकडची, टोळीबरोबर कारखान्याच्या तळावर उतरलेली. ज्योतीने तिथेच बसून तिचा चेहरा उतरवून घेतला होता.

“माजं त्वांड तुमच्या देवळात? लोकं हसत्याल की, बाई.”

“हसू देत. तू ये बघायला.”

“येते. पन माजी चमकी दिसू द्या बरं का. लई हौसंनं घेतलीया.”

आज संध्याकाळी ती येणार होती. काल ज्योतीने चित्र लावायला म्हणून दिराच्या हाती दिले होते. आता मरीयेचा चेहरा पिठासारखा गोरा झाला होता. नाकातली चमकीही रंगाखाली गेली होती.

माइकची वायर ओढत तो दीर, मंडळीचा सेक्रेटरी सुनील, आत आला.

“भाऊजी, हे कोणी केलं?”

“मीच. पोरीचा पोस्टर कलर होता घरी. जरा उजळ केलंय, वहिनी. रागावू नका.”

“मला विचारावंसं वाटलं नाही?”

“विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?”

“आफ्रिकेच्या मरीयेपुढे बसून डोळे पुसलेत तुम्ही. फोटो स्टेटसला ठेवलात! ती काळी चालते?”

“ती लांबची हो. तिच्यावरून आपल्याला कोणी बोलत नाही. ही पलीकडच्या तळावरची.” त्याचा आवाज चिरकला. “आजोबा गावकुसाबाहेरून उठले, बायबल वाचायला शिकले, म्हणून आपण इस्त्रीचे कपडे घालून इथं बसतो. पुन्हा आम्हाला कोपीत कशाला बसवता?”

ही दुखरी जागा तिच्या ओळखीची होती. स्टाफरूममध्ये आडनाव सांगताना तीही कधी अडखळली होती. म्हणूनच तिचा राग आणखी भडकला.

“तुम्हाला नाही बसवलं. प्रभूला बसवलंय. तो गोठ्यातच जन्मला, बंगल्यात नाही.”

“चित्र राहील तर असंच राहील, नाहीतर उतरवू. मंडळीच्या पंचांना मी सांगतो.” पाळकसाहेबांना स्टँडवरून आणायला तो मोटरसायकल काढून गेला.

ज्योती रोजच्यासारखी चित्रासमोर बसली. प्रार्थनेचे शब्द येईनात.

“प्रभू,” शेवटी ती म्हणाली, “त्यांना क्षमा कर, असं आज माझ्याच्यानं म्हणवत नाही. ते तू बघ. मला संध्याकाळी त्या बाईच्या तोंडाकडे बघायचंय.”

ती उठली. खालचा, तिने स्वतः दिलेला रंग पक्का होता. वरचा पोरांचा, पाण्याने निघणारा. तिने स्टूल ओढले, फडके पिळले आणि कपाळापासून पुसायला घेतले. पांढरे पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. उन्हाने रापलेले गाल हळूहळू वर आले. नाकापाशी तिने फडक्याचे टोक बोटाला गुंडाळून हलकेच फिरवले, तेव्हा चमकी दिसली.

बादलीतले गढूळ पाणी तिने लिंबाच्या बुंध्याशी ओतले. सगळ्यांत चांगली सतरंजी चित्राच्या अगदी समोर अंथरली. मग झाडू उचलून अर्धे राहिलेले चर्च झाडून घेतले.