एकशे आठ क्लिक

मुगदकर मास्तरांनी आयुष्यात एकच गुन्हा केला, आणि तोही स्नानसंध्या उरकून, जपमाळ हातात घेऊन.

दत्तात्रेय मुगदकर धारवाडच्या शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. बायको कृष्णाबाई गेल्यावर लेकीनं, दीपश्रीनं, त्यांना हुबळीला देशपांडे नगरातल्या आपल्या भाड्याच्या घरी आणलं. जावई सुमंत तारिहाळच्या एका कारखान्यात सुपरवायझर, नात रूपा तिसरीत. घरात एक कॉम्प्युटर होता आणि घरातल्या माणसांपेक्षा त्याचीच उठबस जास्त होती. कारण दीपश्रीची वेबसाइट त्याच्यावर चालायची. हुबळी-धारवाडच्या गाड्यांच्या वेळा, गॅस एजन्सीचा नंबर, रविवारी कुठला डॉक्टर उघडा, कुठल्या मंगल कार्यालयात किती पानं उठतात, सगळं तिच्यावर होतं. पाच वर्षं तिनं ती पोटच्या पोरीसारखी सांभाळली होती. दुकानदार जाहिरातीच्या चौकटी द्यायचे आणि घराला चांगला हातभार लागायचा.

मग २००८ साल सरता सरता तिकडे अमेरिकेत बँका बुडाल्या आणि इकडे हुबळीतल्या साडीवाल्यानं चौकट काढून घेतली. या दोहोंचा संबंध काय, हे मास्तरांना शेवटपर्यंत कुणी समजावून देऊ शकलं नाही. साडीवाल्यामागून सराफ गेला, सराफामागून फर्निचरवाला. दीपश्री रोज दुकानं पालथी घालायची. "सध्या बिडरी, राहू द्या, अक्का, उगादीचा पाडवा झाला की बघू," असं म्हणून जो तो वाटेला लावायचा. मंदीत माणूस पहिली कात्री जाहिरातीला लावतो आणि मग गिऱ्हाईक का येत नाही म्हणून गल्ल्यावर बसून माश्या मारतो. तारिहाळला तर ऑर्डरीच थांबल्या. सुमंतचा कारखाना आधी आठवड्यातून तीन दिवस चालला आणि संक्रांत झाल्यावर बंदच पडला.

सुमंतच्या थोरल्या भावानं पुण्याहून निरोप धाडला. एका गोदामात नोकरी आहे, ताबडतोब या, आमच्या दोन खोल्यांतली एक तुम्हाला देतो, तिघांची कशीबशी सोय होईल. 'तिघांची' हा शब्द घरात चौघांनीही ऐकला. मास्तरांनी त्या दिवशी ताकभात अर्धा टाकला.

दीपश्री मात्र हटून बसली. वेबसाइटवर एका परदेशी कंपनीच्या जाहिराती आपोआप यायच्या. वाचणाऱ्यानं त्यांवर क्लिक केलं की काही सेंट जमा व्हायचे. "मार्चपर्यंत थांबा की," ती नवऱ्याला म्हणाली. "एवढ्या जाहिरातींवर घरभाडं निघालं तर इथंच राहायचं. तुम्ही इथंच काम शोधा. नाही निघालं तर मी गुमान पुण्याला येते."

"मार्च संपला की मी काय ऐकणार नाही," सुमंत म्हणाला. त्याचंही काही चुकत नव्हतं.

मास्तरांनी हे सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी दीपश्री दुकानांच्या फेरीला, सुमंत कामाच्या शोधात आणि रूपा शाळेत गेल्यावर ते कॉम्प्युटरसमोर बसले. माउस धरायला त्यांना लेकीनंच शिकवलं होतं. क्लिकला पैसे मिळतात ना? मग गिऱ्हाइकाची वाट कशाला बघायची? त्यांनी एका जाहिरातीवर क्लिक केलं. कुठल्याशा विम्याचं पान उघडलं. ते बंद करून दुसरीवर केलं. किती झाले ते विसरायला नको म्हणून जपमाळ आणली. एक क्लिक, एक मणी. मेरुमणी आला तेव्हा थांबले, कारण मेरू ओलांडायचा नसतो हे त्यांना पाठ होतं. दुसऱ्याच्या पैशाला हात लावायचा नसतो हेही पाठ होतं, पण ते त्या दिवशी आठवलं नाही. नाही म्हणायला, दीपश्रीची चप्पल दारात वाजली तसं त्यांनी घाईघाईनं सगळं बंद केलं आणि पेपर तोंडासमोर धरला. पुण्यकर्म करणारा माणूस पेपर उलटा धरत नाही.

पुढं रोजचा नेमच झाला. आठवड्याभरानं दीपश्रीनं आकडे बघितले आणि तिचा चेहरा असा उजळला की मास्तरांचे डोळे भरून आले. तिनं शिरा केला. सुमंतनं भावाला फोन करून सांगितलं, जरा दम धरा. घरात दोन महिन्यांनी हसणं ऐकू आलं. आपण या घराला भार नाही, असं मास्तरांना कृष्णाबाई गेल्यापासून पहिल्यांदाच वाटलं.

एकविसाव्या दिवसानंतरच्या सकाळी कंपनीची ईमेल आली. तुमच्या पानावरचे क्लिक खरे नाहीत, खातं बंद केलं आहे, साठलेले पैसे ज्यांच्या जाहिराती होत्या त्यांना परत जातील. संपलं. पानावर जिथं जाहिराती असायच्या तिथं नुसती पांढरी जागा राहिली.

दीपश्रीनं आधी रडून घेतलं, मग कंबर कसली. "कुणीतरी दुष्टपणानं केलंय, अप्पा. मी अर्ज लिहिलाय. तुम्ही जरा इंग्रजी तपासा."

मास्तरांनी चष्मा लावला. अर्जात लिहिलं होतं, मी माझ्या मुलीची शपथ घेऊन सांगते, माझ्या घरातल्या कुणीही या जाहिरातींना हात लावलेला नाही. मास्तरांनी कागद खाली ठेवला.

"आणि हे आकडे बघा," दीपश्री पडद्याकडे बोट करून म्हणाली. "रोजचे वीस-पंचवीस आणि वर शंभरावर जादा. रोजच्या रोज! कोण असेल हो एवढा नेमाचा माणूस?"

"एकशे आठ," मास्तर म्हणाले.

"काय?"

"जादाचे एकशे आठ आहेत. मीच केले, दीपा. तुम्ही सगळे बाहेर गेलात की."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "का, अप्पा?" एवढंच तिनं विचारलं.

"तुम्ही गेलात तर मी एकटा राहतो गं. मला भीती वाटली." चौतीस वर्षं पोरांना धाकात ठेवलेला माणूस लेकीसमोर लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. "आता अर्ज फाडून टाक. खोटी शपथ, तीही पोरीची."

दीपश्रीनं डोळे पुसले. "फाडून काय करू? खरं सांगून ते पैसे देणार आहेत का? शपथ तेवढी काढा. बाकीचं तसंच ठेवा आणि चांगलं लिहा, अप्पा. तुमच्याइतकं चांगलं इंग्रजी मला येत नाही."

कॉपी करणाऱ्या पोराला वर्गाबाहेर उभं करणाऱ्या मास्तरांनी ते खोटं वाक्यन्‌वाक्य सुधारलं. इतका सुरेख अर्ज त्यांनी आयुष्यात लिहिला नव्हता. चार दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. निर्णय बदलणार नाही.

पुण्याची नोकरी अजून शिल्लक होती, हेच नशीब. दीपश्री तिकिटं काढायला हुबळी स्टेशनवर निघाली तेव्हा मास्तरही बरोबर गेले. रिझर्व्हेशनचा फॉर्म त्यांनीच मागून घेतला आणि कडेच्या फळीवर ठेवून भरला. सुमंत, पुरुष, अडतीस. दीपश्री, स्त्री, चौतीस. रूपा, स्त्री, आठ. मग पेन आणि फॉर्म लेकीच्या हातात दिला. "सही कर."

"अप्पा, तुमचं नाव?"

"आमच्या शाळेतल्या बाळाचार्यांशी बोललोय मी. धारवाडला त्यांच्या घरामागची खोली रिकामी आहे. मला पेन्शन आहे, काय कमी आहे?"

"असं कसं तुम्हाला टाकून जाऊ?"

पुण्यात एकच खोली होती आणि तिघांची सोय, तीही कशीबशी, हे दोघांनाही ठाऊक होतं. रांग पुढं सरकली. फॉर्मवर खाली अजून तीन ओळी रिकाम्या होत्या. दीपश्रीनं चौथ्या ओळीवर पेन टेकवलं आणि ती तशीच उभी राहिली.

"लगू माडरी, अक्का," मागचा माणूस घाई करत म्हणाला.

दीपश्रीनं पेन उचललं, खाली सही केली आणि फॉर्म खिडकीत सरकवला.