दोन माणसांचा मासा

एक काम करा. ही गोष्ट जेवायच्या आधी वाचा, जेवून नको. मला तुम्ही थोडे भुकेले हवे आहात.

आता कल्पना करा. कोरियातल्या पुसान शहरातल्या योंगदो बेटावर चढणीची एक गल्ली आहे आणि तुम्ही तिच्या पायथ्याशी उभे आहात. मागे बंदर, पुढे ओळीने खानावळी. प्रत्येक दारातून वाफ बाहेर येतेय, तिला लाल मिरचीचा आणि लसणीचा वास आहे. तुम्ही पहिल्या दाराशी जाता. आतून प्रश्न येतो, "किती जण?" तुम्ही एक बोट वर करता. आतली बाई तुमच्या खांद्यावरून मागे बघते. मागून कुणी येत नाही. मग ती हसते, फार गोड हसते, आणि म्हणते, "आमच्याकडे कमीत कमी दोघांचं होतं हो." तुम्ही पुढच्या दाराशी जाता. तिथेही तेच हसू आणि तेच उत्तर. तुमच्या पोटात आता जे काही होतंय ते तसंच राहू द्या. पुढे उपयोगी पडेल.

या गल्लीत माल्सुकआजींची खानावळ होती. त्यांच्याकडे एकच पदार्थ मिळे, आगूजिम. आगू म्हणजे अंगापेक्षा जबडा मोठा असलेला मासा, दिसायला इतका कुरूप की पूर्वी कोळी त्याला परत समुद्रात फेकून देत. आजी त्याचे तुकडे करून मोड आलेल्या सोयाबीनबरोबर लाल रश्शात वाफवत आणि लोखंडी परातीतून तसाच धगधगता टेबलावर आणत. लोक नाकाडोळ्यांतून पाणी गाळत खात आणि जाताना "मावशी, जीव घेतलात" म्हणून आशीर्वाद देत.

आजींची नात हारोम तिसरीत होती. तिची आई जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात दिवसभर असे, म्हणून शाळा सुटली की हारोम खानावळीत येई, कोपऱ्यात बसून अभ्यास करी आणि नको तिथे प्रश्न विचारी.

त्या वर्षी गल्लीला बक्षीस मिळालं होतं. बेटावरच्या व्यापारी मंडळाने सगळ्यांत प्रेमळ गल्ली निवडायची स्पर्धा घेतली. परीक्षक म्हणून सहा जण एकदम जेवायला आले, आणि सहा जणांशी कोण प्रेमळ वागत नाही? प्रत्येक खानावळीला एक जाड लाकडी पाटी मिळाली. तिच्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'इथे कुणी परकं नाही.' माल्सुकआजींनी ती दाराजवळच्या खिळ्याला टांगली होती आणि रोज सकाळी परातीआधी ती पुसत होत्या.

अशा गल्लीत एके दिवशी तोमोए आली.

तोमोए जपानची, पन्नाशीची, तिकडच्या एका पाणीपुरवठा कचेरीतली. समुद्राच्या पलीकडून बोटीने आली होती. कचेरीतल्या मैत्रिणींबरोबर पुसानला जायचं आणि आगूजिम खायचं, असं कित्येक वर्षं ठरत होतं. दर वर्षी कुणाच्या सुनेचं बाळंतपण निघे, कुणाचा गुडघा निघे. या वर्षी तोमोएने एकटीचंच तिकीट काढलं. मैत्रिणी म्हणाल्या, "एकटी? आणि तिकडे जेवशील कुणाबरोबर?" ती म्हणाली, "माशाबरोबर." आता मासा न खाता परत जाणं म्हणजे मैत्रिणींना उरलेला जन्मभर पुरेल एवढा विषय देणं होतं.

ती आमची कोरियन भाषा शिकली होती, पण राजेराण्यांच्या मालिका बघून. त्यामुळे तिने माल्सुकआजींच्या दारात वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "थोर मातोश्री, ह्या पामर प्रवासिनीस आपल्या छायेत भोजन लाभेल काय?"

आत जेवणाऱ्यांचे घास हवेत थांबले. समोरचा सुकटवाला ग्वोन आपल्या दुकानातून म्हणाला, "राणीसरकार आल्या. मेणा कुठं ठेवलाय विचारा."

माल्सुकआजींनी विचारलं, "किती जण?"

तोमोएने एक बोट वर केलं. आजींनी तिच्या मागे पाहिलं.

"एकीचं होत नाही बाई. दोघांचं होतं. कुणाला तरी घेऊन ये."

"मातोश्री, मी दोघांचे मोल देईन."

"मोल देशील, पण खाशील का? अर्धं टाकून जाशील. माझा मासा कचऱ्यात जायला मी जाळ घालत नाही."

"तर मग उरलेले डब्यात न्यावे."

"डब्यात आगूचा चिखल होतो. माझ्या नावाचा चिखल मी जपानला पाठवू?"

आजींची कारणं खरी होती, हे मी सांगितलं पाहिजे. कुणाला दारातून परत पाठवायला खोटी कारणं लागत नाहीत, मुलांनो. खरी पुरतात.

तोमोए पुन्हा वाकली आणि निघून गेली. गल्ली मात्र दुपारभर हळहळली. एकटी आली बिचारी. नवरा नसेल. असेल तर सोडून गेला असेल. मूलबाळ असतं तर असं झालं असतं का? दया करायला पैसा पडत नाही, त्यामुळे सगळ्यांनी ती भरपूर केली. जेवायला कुणी बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती समुद्रावरून तारेने जाणाऱ्या पाळण्यात बसायला गेली. तिथेही दाराशी "किती जण?" तिला एका नव्या जोडप्याबरोबर बसवलं. जोडप्याने आपला फोन तिच्या हातात दिला, आणि हा किनारा तो किनारा होईपर्यंत तोमोए त्यांचे फोटो काढत राहिली. समुद्र तिने पाहिला तो नवरीच्या कानामागून. मग ती डोंगरावरच्या मनोऱ्याकडे गेली. तिथे कठड्याला प्रेमिकांनी कुलपं लावून ठेवली होती, एकात एक अडकवलेली. पुढे तळ्यात बदकाच्या आकाराच्या होड्या होत्या. त्यांना दोन जागा आणि पायाने मारायच्या पॅडलचे दोन जोड. ती एकटीच बसली. होडी एका बाजूला कलली आणि जागच्या जागी गोल फिरत राहिली. काठावरचा माणूस ओरडून सांगत होता, "बाई, जोडीदार आणा." तोमोएने बदकातूनच त्याला वाकून नमस्कार केला, त्यामुळे होडी आणखी कलली.

हे सगळं तिने संध्याकाळी हारोमला सांगितलं. कारण संध्याकाळी ती पुन्हा आली होती आणि आजी पुन्हा नाही म्हणाल्या होत्या. या वेळी ग्वोन आपल्या सुकटीच्या ढिगामागून म्हणाला, "एवढंच ना? मी बसतो की जोडीला. माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

"तू बसलास तर तिघांचं करावं लागेल," आजी म्हणाल्या.

तोमोए गर्रकन वळली. रस्ता ओलांडून ग्वोनसमोर उभी राहिली आणि मालिकेत शिकली होती तशी, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वीरपुरुषा, आपण या दासीसमवेत एका ताटात भोजन कराल काय?"

ग्वोनची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि माणुसकीबद्दल तो रोज बोलत असे. पण आता दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडल्या होत्या. तो सुकटीसारखाच वाळला. "आत कुणीतरी हाक मारतंय," असं म्हणाला, दुकानात शिरला आणि शटर अर्धं खाली ओढलं. दुकानात तो एकटाच राहत असे.

तेव्हा हारोम वही मिटून उठली आणि टेबलाशी जाऊन बसली. "आजी, मी दुसरी. कर आता."

"तू अर्धी आहेस. तुला माणसांत धरत नाहीत."

"मग दीड माणसाचं कर."

"दीड माणसाचा मासा देवाने केला नाही. आणि पहिल्या घासाला रडशील. ऊठ, टेबल अडवू नकोस. चौघं आलेत."

चौघं खरंच आले होते. हारोमला उठावं लागलं. तोमोए दारातून बाजूला झाली, कारण ती त्यांच्या वाटेत येत होती. हारोम दाराजवळच्या पाटीकडे बघत राहिली. तिला वाचता येत होतं. मोठ्यांना वाचता येत असूनही ते पाट्या फक्त पुसतात कसे, एवढं तिला कळत नव्हतं.

"आजी, परकं म्हणजे किती जण?" तिने विचारलं.

"अभ्यास कर."

शेवटच्या दिवशी तोमोएची बोट संध्याकाळची होती. शनिवार असल्यामुळे हारोम सकाळपासून खानावळीत होती. दुपारची गर्दी ओसरली. टेबलं रिकामी झाली, पराती आणि परातीखाली ठेवायच्या लाकडी बैठका सगळ्या धुण्याच्या टबात जाऊन पडल्या. हारोम दारात आली तर बाहेर, भिंतीला टेकून, उपड्या घातलेल्या मासळीच्या खोक्यावर तोमोए बसली होती. शेजारी तिची बॅग. हातात दुकानातून आणलेला भाताचा थंडगार तिकोनी गोळा. एक घास खाई आणि नाक किंचित वर करी. खानावळीतल्या धुराड्याचं तोंड बरोबर तिच्या डोक्यावर होतं. बाई वासाशी भात खात होती.

"हे काय करताय?" हारोमने विचारलं.

"निरोप घेत आहे, राजकन्ये," तोमोए म्हणाली. "मैत्रिणींस सांगेन की भोजन केले. गंध तर घेतला, हे असत्य नव्हे."

"त्या विचारतील, काटे कसे होते."

तोमोएने गोळा खाली केला. याचा तिने विचार केला नव्हता.

हारोम आत गेली. स्वयंपाकघरात माल्सुकआजी शेगडीशेजारी, उपड्या बादलीवर बसल्या होत्या. मांडीवर भाताचा वाडगा, त्यात पाणी ओतलेलं, आणि वर मुळ्याच्या दोन आंबवलेल्या फोडी. त्या भिंतीकडे तोंड करून जेवत होत्या. रोज अशाच जेवत. पलीकडे त्याच भिंतीला पाठ लावून तोमोए बसली होती. मध्ये एक वीट.

हारोमने आजीकडे पाहिलं आणि अगदी आजीच्याच आवाजात विचारलं, "किती जण?"

"काय?"

"किती जण जेवताय?"

"डोकं फिरलं का तुझं? दिसत नाही? मी एकटी."

"मग तुला इथे कुणी जेवू कसं दिलं? आपल्याकडे एकीचं होत नाही."

"मी घरची आहे. घरच्यांना मोजत नाहीत."

"मला अर्धी म्हणून मोजत नाहीस, स्वतःला घरची म्हणून मोजत नाहीस, तिला एकटी म्हणून मोजत नाहीस." हारोमने हिशेब बोटांवर केला, शाळेत शिकवतात तसा. "मग आपण मोजतो कुणाला?"

 इतक्या वर्षांत हजारो माणसांना आजींनी 'किती जण?' विचारलं होतं, पण उलट त्यांना ते कुणी विचारलं नव्हतं. त्या मुळ्याची फोड उचलणार तेवढ्यात हारोमने त्यांच्या मांडीवरचा वाडगा उचलला.

"ए, माझा भात."

हारोम थांबली नाही. वाडगा तिने खिडकीजवळच्या टेबलावर नेऊन ठेवला, शेजारी आजीचा चमचा आणि चॉपस्टिक्स. समोर दुसरा वाडगा, दुसरा चमचा मांडला. मग दार उघडलं आणि भिंतीशी बसलेल्या बाईला विचारलं, "किती जण?"

तोमोएने सवयीने एक बोट वर केलं.

हारोमने तिचा हात धरला, शेजारचं मिटलेलं बोट ओढून सरळ केलं, आणि आत बघून ओरडली, "दोन जणी. एक आगूजिम."

पलीकडे ग्वोनचं शटर वर सरकलं. तोमोए बोटं तशीच वर धरून आत आली आणि टेबलाशी बसली, पाठ ताठ, जणू दरबारात. स्वयंपाकघरात बादली सरकल्याचा आवाज आला. मग सुरी फळीवर आपटली. मग शेगडी पेटल्याचा आवाज आला.

"मला तिच्याशी बोलता यायचं नाही," आतून आजी म्हणाल्या. "ती दरबारातली आहे. मी काय, कोळ्याची पोर."

"जेवताना कशाला बोलायचं?" हारोम म्हणाली. "तोंडात मासा असतो."

थोड्या वेळाने माल्सुकआजी परात घेऊन बाहेर आल्या. लाल रस्सा कडेला फुटत होता, वाफेत त्यांचा चेहरा दिसत नव्हता. टेबलापर्यंत येऊन त्या थबकल्या. टेबल लाकडाचं, परात लोखंडाची, आणि खाली ठेवायच्या बैठका टबात भिजत पडलेल्या.

"अगं, खाली काहीतरी ठेव," त्या म्हणाल्या. "लवकर. हात भाजतायत माझे."

हारोमने चहूकडे पाहिलं. मग ती खुर्चीवर चढली, दाराजवळच्या खिळ्यावरून ती जाड लाकडी पाटी काढली, आणि सोनेरी अक्षरं वरच्या बाजूला येतील अशी टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवली.