बाहेरचं माणूस

"हा पट्टा थांबवायचा कसा?" गौराबाईंनी विचारलं.

इंजिनवाला लक्ष्या हसला. "थांबवायचा कशाला बाई? चालायला म्हणून तर शेठनी आणला."

"पण समज, थांबवायचाच झाला."

"मग इंजिन बंद करायचं. आणि परत चालू करायला दोन माणसं, अर्धा तास. शेठ माझं कातडं काढतील."

गौराबाई पदर सावरून आणखी पुढे झाल्या. इंजिनापासून भात कांडणाऱ्या यंत्रापर्यंत तो रुंद चामड्याचा पट्टा गुडघ्याच्या उंचीवरून सपासप धावत होता. त्याला ना फळी, ना जाळी. आणि त्याच्याखाली वाकून कमू खराट्याने तूस ओढत होती. कमू जामसरकडच्या पाड्यावरची, तिशीतली, दोन लेकरांची आई.

"तू इथे का झाडतेस गं? तिकडे ढीग पडलाय तो."

"शेठनी सांगला बाय. तूस साचला का पट्टा सरकतो."

"भीती नाही वाटत?"

"वाटं ना. पन झाडू तं मीच." कमूने लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि पुन्हा वाकली.

दामोदरशेठच्या गिरणीत येऊन असं काही विचारायची गौराबाईंना तशी गरज नव्हती. तीस वर्षं त्यांनी जव्हारच्या दवाखान्यात सुईणीचं काम केलं होतं. संस्थान होतं तेव्हाही, आणि विलीनीकरण होऊन मुंबई सरकारचा शिक्का आला तेव्हाही. अर्ध्या गावाची नाळ त्यांनी कापलेली. त्या खोटं बोलत नाहीत, एवढी एक गोष्ट खोडाळ्यापर्यंत सगळ्यांना माहीत होती. म्हणून तर शेठनी गिरणीची कंपनी केली आणि ठाण्याच्या वकिलाने "नुसती घरचीच माणसं नकोत, एक बाहेरचं घ्या, लोकांचा विश्वास बसतो" असं सांगितलं, तेव्हा शेठ थेट त्यांच्याकडे आले होते.

"मला काय कळतं त्यातलं?" गौराबाई म्हणाल्या होत्या.

"कळायचं काय आहे त्यात? नाव द्यायचं. महिन्यातून एकदा यायचं, चहा घ्यायचा, सही करायची."

"आणि डायरेक्टर करतो काय?"

शेठना हसू आलं होतं. "विचारतो कोण!"

पण गौराबाईंनी विचारलं. पहिल्याच बैठकीत विचारलं. मग गिरणीत जाऊन लक्ष्याला विचारलं, मापाडी पुंजाला विचारलं, कारकून विठ्ठलला कंपनीचं छापील पुस्तक वाचून दाखवायला लावलं. बाळंतिणीच्या खोलीत शिरल्यावर आधी सगळीकडे नजर फिरवायची, पाणी कुठे, कात्री कुठे, खिडकी उघडते का, ही त्यांची जुनी सवय. तशीच त्यांनी गिरणी पाहिली. वैशाखातल्या बैठकीत त्या म्हणाल्या, "पट्ट्याला आडव्या फळ्या लावून घ्या." शेठ म्हणाले, "बघू." ज्येष्ठात पुन्हा म्हणाल्या. शेठनी मेहुण्यांकडे पाहिलं. मेहुणे नाशिकचे, तेही डायरेक्टर. चौथ्या डायरेक्टर म्हणजे शेठांच्या पत्नी आशालताबाई. त्या बैठकीला चहा आणून द्यायच्या आणि आत जायच्या.

आषाढात चातुर्मास लागला. गौराबाईंचा नेम साऱ्या गावाला पाठ. चार महिने एकभुक्त, आणि जेवताना मौन. मौन म्हणजे मौन. हुंकार नाही, मानेने खूण नाही, बोटाने काही दाखवणं नाही. मधेच बोललं किंवा पानावरून उठलं, की त्या दिवसाचं अन्न संपलं.

त्या आषाढातली बैठक शेठनी सकाळची दुपारी बारा वाजता नेली. "मेहुण्यांची गाडी उशिरा पोचते. जेवायलाच या ना बाई, आमच्या घरी सगळं सोवळ्यातलं असतं." पानं वाढली, गौराबाईंनी आपोष्णी घेतली आणि विठ्ठलने वही उघडली. आमटी-भात होईपर्यंत गिरणीची सुट्टी बाजाराच्या दिवसावरून शनिवारवर गेली होती.

हात धुऊन सहीला बसल्यावर गौराबाईंनी वाचलं: सर्वानुमते मंजूर.

"मी कधी हो म्हटलं रे विठ्ठल?"

शेठच म्हणाले, "नाही तरी कुठे म्हटलंत?"

सुट्टीची बाब लहान होती. गौराबाईंनी सही केली. पण घरी जाताना छत्रीखाली त्यांच्या मनात घोळत राहिलं: हे चुकून झालं, की मुद्दाम? त्यांना राग आला नव्हता. कळून घ्यायचं होतं.

श्रावणात कमूचा पदर पट्ट्यात गेला.

लक्ष्याने इंजिन बंद केलं खरं, पण चाक थांबेपर्यंत उजवा हात कोपराच्या वर मोडला होता. गौराबाई धावत गेल्या, कामट्या बांधून तिला दवाखान्यात पोचवलं. कमू शुद्धीवर होती. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"शेठ आता सांगंल का त्याने सांगलाच नाय. बाय, तू होतीस ना? तुझ्यासमोर मी बोलले ना?"

"बोललीस."

"मग तू सांग."

आठ दिवसांनी बैठकीचा निरोप आला. दुपारी बाराचा. गौराबाईंनी विठ्ठलकडूनच उलट निरोप धाडला की कामाचं बोलायचं असेल तर जेवणाआधी बोला. शेठ स्वतः दारात येऊन हात जोडून म्हणाले, "आज कामाचं काही नाही हो बाई. श्रावणातली सवाष्ण-ब्राह्मण जेवायची आहेत, त्यात तुम्हीही. नुसतं जेवा."

सवाष्ण-ब्राह्मण कोणी दिसले नाहीत. पानं तीनच होती. शेठ, मेहुणे, गौराबाई. आशालताबाई वाढत होत्या, आणि विठ्ठल भिंतीशी वही घेऊन बसला होता. पुरणपोळीवर तुपाची धार पडली. गौराबाईंनी पाणी फिरवलं, पहिला घास घेतला. तेव्हा मेहुण्यांनी खिशातून कागद काढून विठ्ठलकडे दिला.

"ठाण्याहून साहेब येणार आहेत चौकशीला," शेठ पोळी मोडत म्हणाले. "त्यांना दाखवायला ठराव हवा. वाच रे विठ्ठल."

विठ्ठलने खाली मान घालून वाचलं. मजूर कमू हिला पट्ट्याजवळ जाण्यास सक्त मनाई होती. तशी तिला वेळोवेळी समज दिली होती. तिने आज्ञा मोडली, अपघात तिच्या स्वतःच्या चुकीने झाला, सबब तिला कामावरून कमी करण्यात येत आहे. पट्ट्यात कोणताही दोष नाही.

"कोणाची हरकत?" मेहुण्यांनी विचारलं. क्षणभर थांबले. "नाही. लिही, सर्वानुमते."

गौराबाई पानाकडे बघत होत्या. सकाळी चारला उठून पूजा, जप, शंभर पायऱ्या उतरून पाणी. आणि पोटात कालच्या दुपारनंतर काही नाही. त्यांना आता उमजलं होतं. चुकून नव्हतंच ते. आणि उमजल्यावर आत कुठेतरी लहान मुलीसारखं नवलही वाटलं. शेठनी किती बारकाईने त्यांचा नेम पाठ केला होता! घरात कोणी इतका केला नव्हता.

त्यांनी हातातला घास पानावर ठेवला. उजव्या हातात पाणी घेऊन प्यायल्या. आणि उठल्या.

"अहो बाई!" आशालताबाई तुपाची पळी घेऊन पुढे आल्या. "एकच घास झालाय!"

गौराबाई मोरीवर गेल्या, हात धुतले, पदराला पुसले आणि परत येऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"माझी हरकत आहे," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, हळू. "विठ्ठल, लिही."

"बाई, आम्ही तिघं आहोत," मेहुणे म्हणाले. "तुम्ही एकट्या. ठराव होतोच."

"होऊ द्या की. मी कुठे अडवते? पण माझी हरकत लिहायची, असं त्या छापील पुस्तकात आहे. विठ्ठलनेच वाचून दाखवलंय मला. हो ना रे?"

"हो," विठ्ठल कसाबसा म्हणाला.

"मग लिही. कमूला तिथे झाडायला शेठनी सांगितलं होतं. अपघाताआधी तिने मला तसं सांगितलं, लक्ष्यासमोर. फळ्या लावा असं मी वैशाखात म्हटलं, ज्येष्ठात म्हटलं. एवढं लिही. खाली मी सही करते."

शेठांचा चेहरा लाल झाला. "बाई, मी तुमचं नाव पाटीवर लावलं. मान दिला."

"दिलात. म्हणूनच विचारते. ते नाव वाचून माणसं तुमच्याकडे भात आणतात. आता त्याच नावाने कमू खोटी ठरवायची?" आणि मग त्या वळल्या. "आशालता, तूही डायरेक्टर आहेस ना गं? तुझं मत कोणी घेतलं?"

"मी?" आशालताबाई एकदम बावरल्या. जणू स्वयंपाकघरातल्या कुणाला तरी भलत्याच नावाने हाक मारली होती.

"आशा, तू आत जा," शेठ म्हणाले.

त्या गेल्या नाहीत. पळी हातात धरून तिथेच उभ्या राहिल्या. तूप फरशीवर ठिबकत राहिलं.

विठ्ठलची लेखणी त्याच कागदावर चालू झाली होती. तिची कुरकुर सगळ्यांना ऐकू येत होती. हरकतीचा तो परिच्छेद खाली असताना वरचा ठराव ठाण्याच्या साहेबांना दाखवून उपयोग नाही, साहेब बाईंवरच विश्वास ठेवणार, हे मेहुण्यांना शेठांच्या आधी कळलं.

"फाड तो कागद," ते शेठना म्हणाले. "घडलं ते सांगून टाक. आणि सुतार बोलाव."

शेठ कागद फाडताना गौराबाईंकडे न बघता म्हणाले, "पुढच्या वर्षी बाहेरचं माणूस दुसरं बघू."

"बघा," गौराबाई म्हणाल्या. "प्रश्न विचारणारं बघा." आणि छत्री उचलून निघाल्या.

दिवस मावळता मावळता कमूची आई कोंडी त्यांच्या ओसरीवर आली. विठ्ठलने तिला सगळं सांगितलं होतं, जेवणाचंही. तिने पळसाच्या पानातली पुडी पुढे केली. आत रानातल्या कंदाचे पिवळट, मऊ काप होते.

"कडू कांद हाय बाय. खा."

"आज नाही चालत, कोंडी. उद्या दुपारी खाईन."

"उद्याच्याला तं वास मारंल!" कोंडी वैतागली. "तुझा देव लई तापट दिसं. एका घासावर उठवतो का काय?"

गौराबाईंना हसू आलं. "त्याने नाही उठवलं. मीच उठले." पुडी त्यांनी मांडीवर घेतली. कापांचा उकडल्याचा वास येत होता.

"कोंडी, हा एवढा कडू असतो म्हणतात. मग कडूपणा जातो कसा?"

"वाहत्या पाण्यात जातो."

"असं नाही. पहिल्यापासून सांग. खणून आणलास, मग?"

कोंडीने पाय पसरले, भिंतीला पाठ टेकली आणि सांगायला लागली. पातळ काप करायचे, राख घालून उकडायचे, टोपलीत भरून रातभर ओहळात धरून ठेवायचे. गौराबाई मान पुढे करून ऐकत होत्या.

"टोपली वाहून नाही जात?"

"दगड ठेवं ना वर."

"बरं. आणि मग?"