अजून दोन वर्षं

धरणाची उंची पाच मीटरने वाढवायची की नाही, यासाठी शाळेच्या सभागृहात सुनावणी ठेवली होती. शहराला पाणी कमी पडत होतं, हे खरं. आणि उंची वाढली की वरच्या अंगाच्या चार वस्त्या पाण्याखाली जाणार, हेही खरंच.

आठ दिवस आधी धरणाचा तरुण इंजिनिअर मोजणीदाराच्या घरी आला होता. मोजणीदाराला निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. इंजिनिअर चहा घेत अदबीने म्हणाला, "काका, धरण बांधलं तेव्हा तुम्ही त्या कामावर होतात. सुनावणीत एवढंच सांगा, की मागच्या वेळी लोकांना पुरेसा वेळ दिला होता. कागदावर तसं आहेच."

मोजणीदार "बरं" म्हणाला. साहेब सांगतील त्याला "बरं" म्हणायची सवय अंगात मुरलेली.

तो सभागृहात शिरला आणि दुसऱ्याच रांगेत त्याला त्याची ताई दिसली. ती येणार हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. एकतीस वर्षांपूर्वी तिचं खालचं गाव बुडालं, तेव्हा तिला जी जागा मिळाली होती ती याच चार वस्त्यांपैकी एकीत होती.

तिचा नंबर आधी लागला. ती माइकपाशी गेली आणि वस्तीतल्या लोकांकडे वळून म्हणाली, "मागच्या वेळी नोटीस आली होती म्हणतात. आली असेल. माझा नवरा सुतार, हाताने चांगला, पण सुस्त. शेवटच्या दिवसापर्यंत म्हणत राहिला, अजून वेळ आहे. पोलीस ट्रक घेऊन आले तेव्हा अर्धा दिवस हातात होता. शिवणयंत्र घेतलं, पोर घेतली, अंथरुणं घेतली. बाकी सगळं गेलं. तुम्ही तसं करू नका. आत्ताच भांडा."

एक-दोघे हसले.

गाव बुडालं त्या वर्षी मोजणीदाराचं काम होतं पाण्याची रेषा जिथवर येणार तिथे पांढरे दगड रोवायचं. साहेबांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की धरणाची दारं यंदाच बंद करायची आहेत, पण तोंड उघडायचं नाही. लोकांना कळलं तर भिंतीवर येऊन बसतील आणि काम अडेल. "बहिणीलासुद्धा नाही." त्याची नोकरी अजून पक्की व्हायची होती. त्याच आठवड्यात दाजींनी अंगणात त्याला गाठलं. भिंतीला टेकवून ओल्या फळ्या उभ्या होत्या.

"मेहुणे, खरं काय ते सांगा. लाकूड वाळायला दीड वर्ष घेतं. वाळत रचू की नको?"

"रचा की दाजी. अजून दोन वर्षं आहेत."

तीन महिन्यांत पाणी आलं. फळ्या तरंगत गेल्या, सुतारकामाचं जड बाक जागच्या जागी बुडालं. त्यानंतर दाजींनी एका कारखान्यात फळांचे खोके ठोकले, मरेपर्यंत.

"मोजणीदार!" समितीच्या अध्यक्षबाईंनी हाक मारली.

तो माइकपाशी गेला. इंजिनिअरने त्याच्याकडे बघून मान हलवली. मोजणीदार म्हणाला, "नोटीस काढली होती. ती कचेरीच्या कपाटातच पडून राहिली. लोकांना दोन वर्षं आहेत असं सांगितलं गेलं. आमच्या बहिणीच्या घरी ते मी सांगितलं. तारीख मला माहीत होती."

हॉलमध्ये एकदम गलका झाला.

बाहेर व्हरांड्यात नळापाशी ताईने त्याला गाठलं.

"तुझ्या दाजींनी कधी तुझं नाव घेतलं नाही."

"नाही घेतलं."

"मी त्यांना आळशी म्हटलं. जेवायला वाढताना म्हटलं, पाहुण्यांसमोर म्हटलं. तुझ्यासमोरसुद्धा म्हटलं."

"हो." त्याला तिच्याकडे बघवेना. "एकदा मी विचारलं होतं दाजींना, तिला सांगत का नाही म्हणून. म्हणाले, तिला माहेरचं म्हणून एवढं एकच माणूस उरलंय. राहू दे."

ताईने नळ घट्ट बंद केला. मग म्हणाली, "आणि तू राहू दिलंस."

"पोरीला जाऊन सांग," ती म्हणाली. "माझं ऐकून ऐकून तिनेही बापाला कधी मान दिला नाही. आणि माझ्याकडे इतक्यात येऊ नकोस."

उंची वाढवण्याचा निर्णय समितीने पुढे ढकलला. रद्द केला नाही. इंजिनिअरने मोजणीदाराला पुन्हा फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी तो भाचीच्या दुकानात गेला. ती चष्मे बनवायची. एका गिऱ्हाइकाच्या फ्रेमचा स्क्रू घट्ट करता करता तिने त्याला स्टुलावर बसायला सांगितलं. गिऱ्हाईक गेल्यावर ती दुसऱ्या चष्म्याला लागली, आणि त्याने सगळं सांगितलं, काही न गाळता. त्याला वाटलं, आता ही आपल्याला बाहेर काढणार. काढलं असतं तर बरंच वाटलं असतं.

"मामा, मी तेव्हा चार वर्षांची होते," ती शेवटी म्हणाली. "मला फक्त खोके ठोकणारे बाबा आठवतात. त्याआधी ते काय बनवायचे?"

दाजींनी केलेल्या खिडक्यांबद्दल मोजणीदार सांगू लागला, वारा कितीही सुटला तरी ज्यांची झडप कधी वाजली नाही अशा. तिने हातातला चष्मा खाली ठेवला.