निळं अंडं

खुराड्यात कोंबड्या पाच आणि अंडी रोज जेमतेम दोन. नवऱ्याच्या अंदाजानं चार तरी हवी होती.

"ती म्हातारी म्हणजे खायला काळ नि भुईला भार," तो म्हणाला. "रविवारपर्यंत अंडं दिलं नाही, तर खाटकाच्या हवाली."

सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. सात वर्षांपूर्वी ते पिल्लू त्यांनी उशाशी घेऊन जगवलं होतं.

सून प्रयोगशाळेत कामाला. अंदाजपंचे न्याय तिला पटेना. तिनं प्रत्येक कोंबडीच्या शेपटीखाली, अंडं बाहेर पडतं तिथंच, खाद्यरंग लावला. प्रत्येकीचा वेगळा, म्हातारीला निळा. अंड्यावर ज्या रंगाची रेघ, त्या कोंबडीचं ते अंडं; रोजची नोंद तक्त्यात.

लाल आली, पिवळी आली, हिरवी आली, जांभळीसुद्धा आली. निळीचा पत्ता नाही.

शनिवारी सकाळी सासूबाई धावतच आल्या. "बघ गं, निळं!"

अंडं खरंच निळं होतं. रेघ कुठली, भिंत रंगवावी तसं सगळंच निळं. त्यावर मधोमध अंगठ्याचा ठसा.

"आई, हात दाखवा बघू."

"हात काय बघतेस? अंडं बघ!" आणि हात पाठीमागे.

सुनेला हसू आवरेना. तिनं वरचा ताजा निळा रंग ओल्या फडक्यानं हलकेच पुसला. खालून वाळलेली हिरवी रेघ निघाली. ती तिनं तक्त्यात हिरवीच्या नावे मांडली.

"कोरडी गं तू, अगदी कोरडी!" सासूबाई फणकारल्या.

संध्याकाळी नवऱ्यानं तक्ता मागितला. "म्हातारीची किती?"

"शून्य."

सासूबाईंनी डोळे मिटले.

"पण आधी हे ऐका," सून शांतपणे म्हणाली. "दिवस लहान झालेत, चौघींची पिसं झडतायत. या दिवसांत रोज दोन म्हणजे रग्गड. चार हा तुमचा अंदाजच चुकला. आणि सात वर्षांच्या कोंबडीकडून अपेक्षा किती? शून्य. दिली किती? शून्य. बाकीच्या कमी-जास्त करतात, अपेक्षेला तंतोतंत उतरली ती ही एकटी. तिलाच घालवणार?"

नवरा खो खो हसत सुटला. "बरं बाई, राहू दे. माझ्याकडून काय अपेक्षा आहे ते तरी सांग."

"खुराड्याचं मोडकं दार," डोळे उघडून सासूबाईच म्हणाल्या. "महिना झाला. तुझंही शून्यच आहे रे!"

तो हातोडी शोधायला उठला.